पाटाच्या कडेचा नागदवणा



दर अंकात आम्ही लागण, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या वेळचा विषय फुलाचा आहे. तो का घेतला ते आधी सांगतो, म्हणजे 'साहेबांना आता उसाचं काही सुचत नाही' असे कोणी म्हणणार नाही.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या एका गटात चाऱ्या साफ करण्याची मोहीम आम्ही घेतली. चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही ही शेवटच्या सभासदांची तक्रार जुनी होती आणि खरीही होती. जेसीबी आला. दोन दिवसांत चारीच्या दोन्ही कडा खरडून स्वच्छ झाल्या, पाणी शेवटपर्यंत गेले, फोटोही निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एक म्हातारी मातीच्या ढिगाऱ्यात बसून काहीतरी वेचत होती. जवळ जाऊन पाहिले तर नारळाएवढे कांदे. काही अर्धे कापलेले, काहींच्या माना मोडलेल्या.

"माय, काय वेचताय?" आम्ही विचारले.

"नागदवणा शे भाऊ. मना सासरानी लायेल व्हता. तुमीन कसाले काढा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. मोहिमेच्या कागदावर सही आमचीच होती. चारी साफ करायलाच हवी होती, त्याबद्दल आजही आमचे मत बदललेले नाही. पण काढण्यापूर्वी काय काढतो आहोत हे पाहायला हवे होते, ते आम्ही पाहिले नाही. त्या दिवशी म्हातारीने दिलेले पाच कांदे आम्ही मोटरसायकलच्या पिशवीत घालून गटकचेरीत आणले आणि मागच्या बाजूला लावले. त्यातले तीन सडले, दोन जगले. ते का सडले आणि हे का जगले, तिथूनच आमचा नागदवण्याचा अभ्यास सुरू झाला. कृषी पदविकेच्या वर्गात आम्हाला कांदा शिकवला तो खायचा. हा कांदा कोणी शिकवला नव्हता.

हा कोणता कांदा?

नावांचा घोटाळा आधी मिटवू. 'नागदवणा' हे नाव दवण्याच्या जातीतल्या एका उग्र वासाच्या झुडपालाही आहे. ते वेगळे. माळरानावर उन्हाळ्यात पाने नसताना नुसता दांडा वर येऊन मळकट, तपकिरी फुले लागतात तो कोळकांदा. तोही वेगळा. आपण बोलतो आहोत तो मोठ्या कांद्याचा, लांब रुंद पट्ट्यासारख्या पानांचा आणि पांढऱ्या सुवासिक फुलांचा. शास्त्रात याच्या कुळाला क्रायनम म्हणतात. स्वीडनच्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्याकडच्या दोन जातींना नावे देऊन नोंद केली.

आपल्या भागात नजरेस पडतात त्या जाती अशा. पहिली, घराजवळ, देवळामागे, विहिरीच्या थारोळ्याजवळ लावलेली मोठी जात. हिची मान केळीच्या पिलासारखी जाड असते, पाने हात-दीड हात लांब, आणि एका दांड्यावर वीस-पंचवीसपर्यंत फुले येतात. पाकळ्या अरुंद, कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या, मधले तंतू जांभळट. हाच खरा नागदवणा. दुसरी गडांबी. हिचे फूल घंटेसारखे असते आणि प्रत्येक पांढऱ्या पाकळीच्या मधून गुलाबी पट्टा जातो. पहिल्या वळवाने जमीन भिजली की हिचा दांडा झपाट्याने वर येतो आणि उन्हाळ्यात पाने वाळून कांदा जमिनीत झोपतो. तिसरी नदीकाठची, अरुंद पानांची. ही ओढ्याच्या, नदीच्या चिखलात पाय रोवून उभी असते.

आता शहरातल्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात आणि ऑफिसांच्या आवारात जी पांढरी 'स्पायडर लिली' दिसते, ती अमेरिका खंडातली आहे. नर्सरीवाले काही वेळा तीच नागदवणा म्हणून विकतात. ओळखायची खूण सोपी आहे. स्पायडर लिलीच्या फुलाच्या मध्यभागी पातळ पांढऱ्या पडद्याची वाटी असते, नागदवण्याला ती नसते. आपला लाडका निशिगंधही मूळचा मेक्सिकोचा, आणि ज्याच्यावर आपला कारखाना चालतो तो ऊससुद्धा फार पूर्वी न्यू गिनीकडून आला. बाहेरचे म्हणून वाईट असे काही नाही. पण जो इथलाच आहे त्याला आपणच जेसीबीने उपटावे, हे बरे दिसत नाही.

या कुळातल्या सर्वच जाती अशा भरपूर नाहीत. महाबळेश्वरच्या पठारावर क्रायनमची एक जात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वुड्रो साहेबांचे नाव तिला मिळाले आहे. तिचे घर तेवढ्याच थोड्या जागेत आहे. नागदवण्याची तशी वेळ आलेली नाही, तो दक्षिण आशियात सगळीकडे आहे. पण आपल्या चारीवर तो असेल की नसेल, हे आपल्या हातात आहे.

ओल कुठे गेली?

हा कांदा ओलीचा भक्त. म्हणून जुन्या बागायती भागात तो आपोआप दिसे. साक्री-धुळे तालुक्यांत पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्याखाली फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. गावच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे. कोणाचे शेत आधी, कोणाचे नंतर, यावर तंटा नको. तरुण सभासदांनी एकदा तरी हे बंधारे पाहून यावेत. आज पाणीवाटप संस्थांच्या नावाने जे शिकवले जाते, त्यातले बरेच तिथे छापील नियमांशिवाय चाललेले होते. अशा पाटाच्या कडेला कायम झिरपा असायचा, आणि झिरप्यावर अळू, कर्दळ, वेखंड, नागदवणा.

जळगावकडे गिरणेवर जामद्याचा बंधारा आणि त्याचे कालवे इंग्रजी अमदानीतले. गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. तापीवर हतनूर झाले. पाणी वाढले तसा ऊस वाढला, केळी वाढली, आणि काही ठिकाणी जमीन चिबड होऊन पांढरी पडू लागली, तेही आपण पाहिले. नंतर ठिबक आले. ठिबकचा प्रचार आम्ही स्वतः गावोगाव केला आहे आणि पुढेही करणार आहोत. पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या वैशाखात पाटाने पाणी सोडणे म्हणजे निम्मे पाणी उन्हाला आणि गवताला वाटणे. पण ठिबक आले, चाऱ्यांना सिमेंट लागले, बांधावर ग्लायफोसेट फिरले, आणि कडेची ओल संपली. ओलीबरोबर हा कांदाही गेला. कोणी मुद्दाम मारला नाही, त्याची जागाच उरली नाही.

तेव्हा शेतात त्याला पूर्वीसारखी जागा मिळणार नाही हे आम्ही धरून चाललो आहोत. जागा आहे ती घराजवळ. प्रत्येक वस्तीवर चार ठिकाणी पाणी सांडतेच. हापश्याजवळ, गुरांच्या हौदाजवळ, न्हाणीच्या मोरीखाली, आणि विहिरीवरचा पंप सुरू करताना पाणी गळते तिथे. तिथे आज चिखल आणि डास असतात.

लावायचा कसा?

आमचे तीन कांदे सडले त्याचे कारण सांगतो. उसाच्या टिपरीप्रमाणे आम्ही ते पूर्ण मातीआड केले, आणि तेही कापलेल्या जखमा ओल्या असताना, चिकण काळ्या मातीत. वर दोन दिवस पाऊस झाला. आठ दिवसांनी हात लावला तर कांदा लोण्यासारखा मऊ. जगले ते दोन कांदे जागा नाही म्हणून आठवडाभर कचेरीच्या पडवीत सावलीला पडून होते. त्यांच्या जखमा वाळल्या आणि मग ते लावले गेले. आळसाचा फायदा झाला असे आमचे शिपाईबुवा आजही सांगतात.

तर कांदा दुखावलेला असेल तर आधी सावलीत वाळू द्या. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, भेगांत मुळ्या तुटतात. म्हणून काढलेल्या मातीत एक घमेले वाळू आणि दोन घमेली कुजलेले खत मिसळा. कारखान्याच्या प्रेसमडचे कंपोस्ट उत्तम. ताजा प्रेसमड मात्र नको, तो गरम असतो, हे उसालाही लागू आहे. कांद्याचा फुगीर भाग मातीत आणि मान पूर्ण वर राहील असा बसवा. फार उथळ बसला तरी काळजी नको. याच्या मुळ्या आकसतात आणि कांद्याला हळूहळू स्वतःच खाली ओढून घेतात. दोन कांद्यांत अडीच-तीन फूट ठेवा. पहिली दोन वर्षे रिकामे दिसते, पण पुढे पिले फुटून गड्डा भरतो.

ओल आवडते याचा अर्थ डबके आवडते असा नाही. नदीकाठची जात चिखलात राहते. मोठ्या नागदवण्याला वाहती किंवा झिरपती ओल मानवते. म्हणून मोरीचे पाणी उघडे साचू देऊ नका. तीन फुटांचा शोषखड्डा घ्या, खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर जाड वाळू, आणि त्याच्या कडेने नागदवणा, कर्दळ, अळू लावा. साबणाच्या फेसाचे पाणी थेट बुडख्याशी सोडू नये. भांड्यांचे आणि आंघोळीचे पाणी खड्ड्यातून झिरपून गेले तर चालते. उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून ठेवलेले रोप करपते. दुपारनंतर लिंबाची किंवा शेवग्याची विरळ सावली असावी. बुडख्याभोवती पाचटाचा चार बोटे थर द्या. पाचट जाळू नका म्हणून आम्ही दरवर्षी ओरडतो, त्यातले दोन भारे इकडे आणा.

लावणीचा काळ मृगाचा. पाणी हाताशी असेल तर फाल्गुनातही लावता येतो.

बियांची गंमत निराळी आहे. आपल्याला बी म्हणजे वाळवून, डब्यात भरून, पुढच्या हंगामाला पेरायचे हे ठाऊक. याचे बी हिरवट, मांसल, लिंबाएवढे, आणि त्यावर टणक कवच नसते. ते वाळवले की मेले. फळीवर ठेवून विसरलात तर तिथेच, मातीवाचून आणि पाण्यावाचून, त्याला कोंब फुटतो. आमच्या टेबलाच्या खणात असे दोन कोंब फुटले होते. बी पाण्यावर तरंगते, म्हणूनच पुराबरोबर ते काठाकाठाने पसरते, आणि याच गुणाने मोठा नागदवणा समुद्राच्या लाटांवरून आशियाच्या किनाऱ्यांवर आणि बेटांवर पोचला. पेरताना बी गाडायचे नाही, ओल्या मातीवर नुसते ठेवायचे. बियापासून फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. घाई असेल त्यांनी पिले न्यावीत.

कीड एकच त्रास देते, पण ती एका रात्रीत पान संपवते. काळी, पांढऱ्या ठिपक्यांची आणि लाल खुणांची अळी असते, झुंडीने येते. पावसाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला पाहत राहा, अंडी-अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चार रोपांसाठी पंप पाठीवर घ्यायची गरज नाही. पान खाऊन संपले तरी कांदा जिवंत असतो, पुन्हा फुटतो.

फूल संध्याकाळी उमलते आणि रात्री वास सुटतो. लांब सोंडेचे मोठे पतंग त्यावर येतात. रात्रपाळीच्या पाण्याला जाणाऱ्या माणसाला तो वास आधी लागतो, फूल मागून दिसते.

सापाबद्दल स्पष्ट बोलतो

नागदवणा दारात असला की साप येत नाही, असे आपल्याकडे सर्रास मानतात. त्याच्या नावातच नाग आहे. वडीलधाऱ्यांच्या समजुतीची चेष्टा करायचा आमचा हेतू नाही. पण या एका बाबतीत आम्ही गप्प बसणार नाही, कारण आमच्यासमोर घडलेले आहे.

एका गळीत हंगामात आमच्या गटातल्या एका सभासदाच्या सालदाराला पहाटे पाणी धरताना पायाला साप चावला. दवाखाना नऊ-दहा किलोमीटरवर आणि दारात मोटरसायकल. तरी पहिला पाऊण तास नागदवण्याचा कांदा ठेचून लावण्यात आणि रस पाजण्यात गेला. रस पाजल्यावर उलट्या सुरू झाल्या, तेव्हा लोक म्हणाले, विष उतरते आहे. विष उतरत नव्हते. त्या उलट्या कांद्याच्याच होत्या. नशिबाने गाडी घेऊन आमचा स्लिपबॉय तिथे पोचला, त्याने कोणाचे न ऐकता त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेले. सालदार वाचला, पण महिनाभर पाय सुजलेला होता. तो पाऊण तास दीड तास झाला असता तर हे लिहिताना आमचा हात थांबला असता.

नागदवण्याने साप पळतो याला काही आधार नाही. उलट दाट गड्ड्याखाली ओल असते, ओलीला बेडूक येतात, पाचटात उंदीर येतात, आणि त्यांच्यामागे साप. म्हणून नागदवणा दाराच्या चौकटीला, खिडकीखाली किंवा अंगणात बाज टाकतो तिथे लावू नका. पंधरा-वीस पावले दूर लावा, खालची वाळलेली पाने काढत जा. रात्री पाण्याला जाताना बॅटरी आणि बूट, हेच सापापासूनचे रक्षण. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, कोणताही चावो, चावलेला भाग हलू देऊ नका, चिरू नका, करकचून दोरी बांधू नका, काही पाजू नका, आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविषाची लस तिथे असते. उसतोड टोळ्यांच्या मुकादमांनाही हे समजावून सांगा. खोपीत जमिनीवर झोपणारी तीच माणसे आहेत.

तो विषारी आहे, हेही सांगितले पाहिजे. कांद्यात, पानांत, बियांत लायकोरीन नावाचे द्रव्य असते. खाल्ल्यास उलट्या-जुलाब होतात. उकरून ठेवलेला कांदा स्वयंपाकघराच्या जवळ ठेवू नका, लहान मुले आणि वासरे यांच्यापासून दूर ठेवा. मोठी गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो बांधावर टिकतो. रस अंगाला लागून काहींना खाज सुटते, काढणी-लावणीनंतर हात धुवावेत. सुजलेल्या सांध्यावर एरंडेल लावून पान शेकून बांधण्याची जुनी रीत आहे, ती वरवरची आहे. पण पानाचा रस कानात घालण्याची रीतही काही घरांत चालते. कान ही फार नाजूक जागा आहे. दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा.

बांधाच्या खुणेबद्दल एका सभासदाने विचारले होते की, 'हद्दीवर नागदवणा लावला तर चालेल का, दगड तर शेजारी सरकवतो.' बांधावरची माती वाहू नये म्हणून जरूर लावा, मुळ्या माती चांगली धरतात. हद्दीची खूण म्हणून नको. दगड सरकवायला शेजारी लागतो. हा कांदा दरवर्षी पिले घालून आपणच चार बोटे सरकतो, आणि तोही ज्या बाजूला ओल जास्त त्या बाजूला.

नदीकाठचे आणि ओढ्याचे रानटी कांदे मात्र कोणी उपटून आणू नयेत. वाळूच्या ट्रॅक्टरांनी काठ आधीच पुष्कळ मोकळे केले आहेत. पडलेले बी वेचले तर चालेल. या वर्षीपासून आमच्या विभागाने चारी-सफाईच्या यादीत एक रकाना वाढवला आहे. जेसीबी लावण्यापूर्वी गटाचा ओव्हरसियर कडेने चालत जाईल आणि असे कांदे असतील तर मजुरांकडून आधी काढून ज्यांच्या शेतालगत आहेत त्यांच्या वस्तीवर पोचवील. कोणाच्या चारीवर कांदे राहून गेले तर आम्हाला कळवावे, आम्ही स्वतः येऊ.

गटकचेरीमागच्या दोन कांद्यांचे आता दोन मोठे गड्डे झाले आहेत. पहिली सहा पिले आम्ही त्या म्हातारीच्या वस्तीवर नेऊन दिली. तिने ती न्हाणीच्या मागे लावली आणि आम्हाला शेंगदाण्याचे लाडू दिले. जेसीबीचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. उरलेली चौदा पिले आणि घमेलेभर बी कचेरीत आहे. मृग लागल्यावर येणाऱ्या पहिल्या दोन आठवडी बाजारांच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा या वेळात सभासदांनी घेऊन जावे. पैसे नाहीत. एका वस्तीला एक पिलू आणि चार बिया. येताना गोणपाटाचा तुकडा आणावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कांदा घामेजतो.